नोकरदार जीवनावरील विनोदी चित्रपट

नोकरदार जीवनावरील विनोदी चित्रपट : कचेरीतील चाकरी आणि घरातील संसार यांच्या ओढाताणीतून हास्य व कारुण्य निर्माण करणारा बोलपटांचा एक प्रकार. या चित्रपटांचा नायक बहुधा कारकून, हिशेबनीस किंवा दुकानातील विक्रेता असतो. त्याचे उत्पन्न म्हणजे ठराविक तारखेला हाती येणारे मासिक वेतन. या एकाच वेतनावर साहेबाचा व कुटुंबाचा असा दुहेरी हक्क चालतो आणि दोघांनाही एकाच वेळी संतुष्ट ठेवणे नायकाला शक्य होत नाही. ही अडचण तो लपवाछपवी, सोंग किंवा खोटेपणा यांच्या साहाय्याने निभावू पाहतो व त्यातूनच कथानकाची गुंतागुंत वाढत जाते. प्रहसनाहून हा प्रकार वेगळा आहे. कारण येथील हास्याच्या तळाशी नोकरी जाण्याची, घर सुटण्याची अथवा अब्रू गमावण्याची खरी भीती असते.

हा प्रकार केवळ महाराष्ट्रातील नव्हे. जपानी दिग्दर्शक यासूजीरो ओझू (१९०३–६३) याच्या १९३२ सालच्या एका मूकपटात दोन लहान मुले आपले वडील साहेबासमोर विदूषकी चाळे करीत असल्याचे पाहतात व घरी येऊन अन्नत्याग करतात. ‘आमचे वडील थोर का नाहीत?’ हा त्यांचा प्रश्न विनोदातून थेट करुणाकडे जातो. अमेरिकेत बिली वाइल्डर (१९०६–२००२) याच्या द अपार्टमेंट (१९६०) या चित्रपटातील विमाकंपनीचा कारकून बढतीच्या आशेने आपले राहते घर वरिष्ठांच्या चैनीसाठी वापरू देतो. मराठी चित्रपटांनी याच विषयाला चाळ, एकत्र कुटुंब, मुलीच्या लग्नाची काळजी आणि भाड्याची खोली यांची जोड दिली.

पार्श्वभूमी : कारकून हा शब्द मूळ फार्सी असून मराठी राज्यकारभारात तो पूर्वापार रूढ आहे. ब्रिटिश अमदानीत सरकारी कचेऱ्या, रेल्वे, नगरपालिका, बँका व व्यापारी पेढ्या यांच्या वाढीबरोबर पगारावर जगणारा मोठा वर्ग मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत निर्माण झाला. गावाकडील शेतीशी त्याचा संबंध उरला, तरी उपजीविका मात्र महिन्याच्या पगारावर अवलंबून राहिली. या वर्गाच्या निवाऱ्याचा प्रश्न मुंबईत विशेष बिकट होता. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या नगरसुधार विश्वस्त मंडळाने आणि १९२० नंतर मुंबई विकास विभागाने मोठ्या संख्येने चाळी बांधल्या. तथापि एक-दोन खोल्यांत आठ-दहा माणसांचे कुटुंब हे दृश्य सार्वत्रिकच राहिले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या सुमाराच्या पातळीवर रोखली. त्यामुळे जुन्या भाडेकरूंना संरक्षण मिळाले. पण नव्याने खोली शोधणाऱ्यास पागडी मोजल्याखेरीज जागा मिळणे दुरापास्त झाले. मराठी विनोदी चित्रपटात घर मिळविणे हा एवढा मोठा पराक्रम का ठरतो, याचे उत्तर या परिस्थितीत आहे.

साहित्यात या वर्गाचे विनोदी चित्रण चित्रपटांच्या आधीच रुजले होते. चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) यांनी निर्माण केलेला चिमणराव हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रतिनिधी होय. जोशी हे बडोदे येथे पालीचे अध्यापक होते आणि पुढे संस्थानच्या दप्तरखान्याचे कामही त्यांनी पाहिले. एरंडाचे गुऱ्हाळ (१९३२) व चिमणरावाचे चऱ्हाट (१९३३) या संग्रहांतून चिमणराव, त्याची पत्नी कावेरी, त्यांची मुले आणि धिप्पाड, तापट मावसभाऊ गुंड्याभाऊ हे कुटुंब मराठी वाचकांच्या घरचे होऊन बसले. पुढे पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांच्या असा मी असामी या पुस्तकातील धोंडो भिकाजी जोशी हा व्यापारी कंपनीतील कारकून याच परंपरेत जन्मला.

आरंभीचे चित्रपट : प्र. के. अत्रे (१८९८–१९६९) यांची कथा व मास्टर विनायक (१९०६–४७) यांचे दिग्दर्शन लाभलेला ब्रँडीची बाटली (१९३९) हा हंस पिक्चर्सचा चित्रपट या प्रकाराचा आरंभीचा ठळक नमुना म्हणता येईल. त्याचा नायक बगाराम हा नगरपालिकेतील भोळा व भिडस्त कारकून असून ही भूमिका दामुअण्णा मालवणकर यांनी केली. ज्या तरुणीवर त्याचे मन जडले आहे तिच्या आजारी भावाच्या औषधासाठी त्याला ब्रँडीची बाटली हवी असते; पण ब्रँडी म्हणजे काय आणि ती कोठे मिळते, हेच त्याला ठाऊक नसते. तिच्या शोधात तो ज्या ज्या ठिकाणी जाऊन पोहोचतो, तेथील दंभ त्याच्या निरागसपणामुळे आपोआप उघडा पडतो. चित्रपट मुंबईत दारूबंदी लागू झाली त्याच वर्षी, म्हणजे १९३९ मध्ये, प्रदर्शित झाल्याने त्याला समकालीनतेची धार आली. हुकूम आला की तो पाळायचा, ही कारकुनाची सवय प्रेमातही कशी कायम राहते, हे या चित्रपटाचे मर्म आहे.

चि. वि. जोशी यांच्या कथांवर मास्टर विनायक यांनी नवयुग चित्रपट या संस्थेसाठी लग्न पहावे करून (१९४०) व सरकारी पाहुणे (१९४२) हे दोन चित्रपट दिग्दर्शित केले. त्यांत दामुअण्णा मालवणकर यांनी चिमणरावाची, तर विष्णुपंत जोग यांनी गुंड्याभाऊची भूमिका केली. पहिल्या चित्रपटात घरातील मुलीचे लग्न जमविण्याची खटपट हा विषय असून हुंडा, देणेघेणे व मानपान यांपुढे मोजक्या प्राप्तीच्या कुटुंबाची होणारी त्रेधा त्यात विनोदाने दाखविली आहे. कृश व संकोची चिमणराव आणि आडदांड गुंड्याभाऊ यांची जोडी दिसण्यातच हास्यकारक असली, तरी तिचे खरे कार्य वेगळे आहे : चिमणराव जे बोलू शकत नाही, ते गुंड्याभाऊ बोलून टाकतो. नोकरदार माणसाच्या मनातील दबलेला राग अशा रीतीने दुसऱ्या पात्राच्या तोंडी येतो. मुंबई दूरदर्शन केंद्रावरून १९७७ नंतर प्रसारित झालेल्या चिमणराव या मालिकेत दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी या भूमिका नव्याने लोकप्रिय केल्या. १९७९ मध्ये त्याच जोडीचा चित्रपटही आला.

राजा परांजपे (१९१०–७९) यांच्या लाखाची गोष्ट (१९५२) या चित्रपटाने पैशाच्या चणचणीचा विषय उलटा करून मांडला. त्यात निर्धन तरुणांपुढे ठराविक मुदतीत एक लाख रुपये खर्च करून दाखविण्याची अट येते. पगाराच्या चौकटीत वाढलेल्या प्रेक्षकाला पैसा उरत नाही हे ठाऊक होते; पैसा संपत नाही ही कल्पनाच त्याच्या दृष्टीने हास्याचा विषय ठरली.

घराचा प्रश्न : राजा ठाकूर दिग्दर्शित मुंबईचा जावई (१९७०) हा चित्रपट व. पु. काळे (१९३२–२००१) यांच्या कथेवर आधारलेला आहे. स्वतः वास्तुविशारद असलेल्या काळे यांनी मुंबईतील लहान जागांचे जीवन जवळून पाहिले होते. गावाकडून लग्न होऊन आलेली मुलगी चाळीतील दोन खोल्यांच्या गजबजलेल्या घरात येते आणि नवपरिणीत जोडप्याला एकांत म्हणून मिळत नाही, एवढेच कथानकाचे बीज आहे. घरातील कोणीही दुष्ट नाही. सारे परस्परांवर प्रेमच करतात. तरीही जागेच्या अभावी सर्वांचीच कोंडी होते. खलपात्राशिवाय संघर्ष उभा करण्याचे हे कौशल्य या चित्रपटाचा विशेष होय. गीते ग. दि. माडगूळकर यांची व संगीत सुधीर फडके यांचे असून त्यातील गाणी दीर्घकाळ लोकप्रिय राहिली. बासू चतर्जी यांनी पिया का घर (१९७२) या नावाने त्याचे हिंदी रूपांतर केले.

अशी ही बनवाबनवी (१९८८) या सचिन पिळगांवकर दिग्दर्शित चित्रपटात हाच प्रश्न वेगवान प्रहसनाच्या अंगाने येतो. वसंत सबनीस (१९२३–२००२) यांनी लिहिलेल्या या चित्रपटाची मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या बीवी और मकान (१९६६) या हिंदी चित्रपटाशी जुळणारी आहे. पुण्यात भाड्याच्या जागेत राहणारा धनंजय माने हा सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नोकरी करतो. त्याच्याकडे धाकटा भाऊ व दोन मित्र येऊन थडकतात आणि जागा सोडण्याची वेळ येते. नवी जागा केवळ विवाहित जोडप्यांना मिळणार असल्याने दोन मित्रांना स्त्रीवेष घ्यावा लागतो. घरासाठी रचलेले हे खोटे कुटुंब दुकानाच्या मालकिणीपर्यंत पोहोचते आणि धनंजयचे प्रेम, नोकरी व निवारा ही तिन्ही एकाच वेळी धोक्यात येतात. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन व सिद्धार्थ रे यांच्या अभिनयामुळे हा चित्रपट मराठीतील सर्वाधिक लोकप्रिय विनोदी चित्रपटांपैकी एक ठरला. त्यातील अनेक संवाद बोलभाषेत रूढ झाले आहेत.

साहेब आणि सोंग : १९७० नंतरच्या हिंदी चित्रपटांत मुंबईतील नोकरदार तरुणाला स्थान मिळवून देण्यात अमोल पालेकर (ज. १९४४) या मराठी नटाचा मोठा वाटा आहे. छोटी सी बात (१९७६) या बासू चतर्जी यांच्या चित्रपटात बसथांब्यावर उभा राहणारा, कचेरीत कोणी गणतीत न धरणारा बुजरा तरुण धीटपणाचे रीतसर शिक्षण घेतो. हृषीकेश मुखर्जी (१९२२–२००६) यांच्या गोलमाल (१९७९) या चित्रपटात तर कचेरी व कुटुंब यांचा गुंता पूर्णत्वास पोहोचला आहे. मालक भवानीशंकर (उत्पल दत्त) यांना जुन्या वळणाचे, मिशी राखणारे, खेळ-करमणुकीपासून दूर राहणारे तरुण पसंत असतात. नोकरीची निकड असलेला रामप्रसाद त्यांच्या आवडीप्रमाणे वेष व भाषा बदलतो. पुढे आई आजारी असल्याचे सांगून रजा घेतलेला रामप्रसाद हॉकीचा सामना पाहताना मालकाच्या दृष्टीस पडतो आणि नोकरी वाचविण्यासाठी त्याला बिनमिशीचा जुळा भाऊ निर्माण करावा लागतो. मालक घरी येणार म्हटल्यावर मृत आईच्या जागी दुसरी स्त्री आणून उभी करण्याची वेळ येते. एका रजेसाठी बोललेल्या असत्यातून अख्खे कुटुंब नव्याने बनवावे लागणे, ही या कथेची विनोदी यंत्रणा आहे. योग्यता असूनही मालकाच्या लहरीनुसार मिशी राखावी लागते, ही तिची टीका होय. या भूमिकेबद्दल पालेकर यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

याच नटाच्या घरौंदा (१९७७) या चित्रपटाशी तुलना केल्यास या प्रकाराची सीमारेषा स्पष्ट होते. डॉ. शंकर शेष यांच्या कथेवरील या चित्रपटात एकाच कचेरीतील तरुण-तरुणी घरासाठी पैसा साठवितात. पण बांधकाम व्यावसायिकाच्या फसवणुकीत तो बुडतो. निराश तरुण आपल्या प्रेयसीला आजारी मालकाशी (श्रीराम लागू) लग्न करण्यास सुचवितो. कचेरी, मालक, घर व खोटेपणा हे घटक गोलमालप्रमाणेच येथेही आहेत. मात्र येथे असत्याला क्षमा नाही, म्हणून हास्यही नाही.

रचनाविशेष : या चित्रपटांची रचना बहुधा पुढीलप्रमाणे असते : प्रथम वेतन व गरज यांतील तफावत दाखविली जाते; ती भरून काढण्यासाठी एक लहानसे असत्य बोलले जाते; ते टिकविण्यासाठी दुसरे, तिसरे असत्य रचावे लागते; कचेरीतील माणसे घरी आणि घरातील माणसे कचेरीत येऊन पोहोचतात; शेवटी सर्व जण एकाच खोलीत जमतात व रहस्यस्फोट होतो. आजारी नातेवाईक, जुळा भाऊ, उसना संसार व स्त्रीवेष या त्यातील ठराविक युक्त्या होत. शेवट बहुतेक वेळा क्षमेने होतो : मालक हसतो, घरमालकीण विरघळते, लग्ने जमतात. पण वेतन वाढल्याचे किंवा घरांची टंचाई दूर झाल्याचे क्वचितच दिसते. माणसे सुधारतात, व्यवस्था तशीच राहते. म्हणूनच हे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटतात. प्रेक्षकाची अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी कायमच असते.

नायकाचे नोकरदार असणे पडद्यावर विश्वसनीय वाटण्यास नटांचा स्वतःचा अनुभवही कारणीभूत आहे. पालेकर व अशोक सराफ हे दोघेही काही काळ बँकेत नोकरीस होते. १९५४ मध्ये सुरू झालेली राज्य नाट्यस्पर्धा, कामगार कल्याण केंद्रांच्या स्पर्धा तसेच बँका व कचेऱ्यांतील हौशी नाट्यमंडळे यांमुळे दिवसा नोकरी व रात्री तालीम करणाऱ्या कलावंतांची पिढी तयार झाली. कारकुनाचे मान तुकवून उभे राहणे, कागद पुढे सरकविणे, साहेबाची घंटा वाजताच दचकणे या लकबी त्यांना रोजच्या पाहण्यातल्या होत्या.

स्त्रियांचे चित्रण : या चित्रपटांत पत्नी व आई यांचे स्थान बहुतांशी घरात असते आणि पगार पुरविणे ही त्यांची जबाबदारी मानलेली असते. नोकरी करणारी स्त्री आली, तरी ती प्रेयसी किंवा मालकीण म्हणून येते. तिच्या घरकामाचा हिशेब मांडला जात नाही. नोकरी व कुटुंब यांतील द्वंद्व स्त्रीच्या बाजूने मांडताना मराठी चित्रपटाने विनोदाची वाट सोडलेली दिसते. जब्बार पटेल यांच्या उंबरठा (१९८२) या चित्रपटात महिला सुधारगृहाची अधीक्षक झालेली नायिका (स्मिता पाटील) घराबाहेर पडते आणि परत येते तेव्हा तिची जागा तेथे उरलेली नसते. पुरुषाच्या खोटेपणाला क्षमा करणारे घर स्त्रीच्या प्रामाणिक नोकरीला क्षमा करीत नाही, हा भेद या दोन प्रकारच्या चित्रपटांच्या तुलनेत ठळकपणे जाणवतो.

कचेरीचे बदलते रूप : २००० नंतर या प्रकारात दोन प्रवाह दिसतात. एक उनाड दिवस (२००५) या चित्रपटात अशोक सराफ यांनी रंगविलेला शिस्तप्रिय, कामात बुडालेला गृहस्थ अनपेक्षितपणे मिळालेल्या मोकळ्या दिवसात जगण्याचा आनंद शोधतो. येथे पैशाची चणचण मागे पडून वेळेची चणचण पुढे आली आहे. दुसरा प्रवाह शहराबाहेरील सरकारी कारभाराचा होय. रमेश इंगळे उत्रादकर यांच्या कादंबरीवरील निशाणी डावा अंगठा (२००९) या पुरुषोत्तम बेर्डे यांच्या चित्रपटात प्रौढ साक्षरतेची मोहीम, तिच्यात जुंपलेले शिक्षक आणि कागदोपत्री यशाचे अहवाल यांचे उपहासात्मक चित्रण आहे. जाऊ तिथे खाऊ (२००७) यात कागदावर असलेली पण जमिनीवर नसलेली विहीर हा विनोदाचा विषय आहे. मराठवाड्यातील मकरंद अनासपुरे यांच्यासारख्या नटांमुळे तेथील बोलीचा ढंग मराठी पडद्यावर नायकाच्या तोंडी आला. पूर्वी तो बहुधा गडी किंवा शिपाई यांच्या वाट्याला येई.

प्रसार व मर्यादा : मराठी चित्रपटनिर्मिती मुंबई, पुणे व कोल्हापूर येथे केंद्रित झालेली होती. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लहान गावांतील प्रेक्षकांपर्यंत चित्रपट प्रामुख्याने जत्रेतील व बाजारच्या दिवसांतील तंबूंतून, म्हणजे फिरत्या चित्रपटगृहांतून, आणि पुढे दूरदर्शनवरून पोहोचला. चाळ, बसथांबा व साहेबाची खोली ही दृश्ये या प्रेक्षकांच्या अनुभवाबाहेरची होती. तरीही साहेबापुढे होणारी नायकाची तारांबळ त्यांना परकी वाटण्याचे कारण नव्हते. तलाठी, मामलेदार व सावकार यांच्यापुढे उभे राहण्याचा अनुभव त्यांच्याही गाठीशी होता.

तथापि नियमित वेतन हा या प्रकाराचा पायाच त्याची मर्यादाही ठरतो. बीड जिल्ह्यातील धारूरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले हे तालुक्याचे गाव मध्ययुगीन किल्ल्यासाठी प्रसिद्ध आहे. गावात कचेऱ्या, शाळा व बँका आहेत, त्यामुळे पगारदार कुटुंबेही आहेत. पण आसपासच्या कोरडवाहू गावांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यांना महिन्याचा पगार नसतो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल असते व ती अंगमेहनतीने फेडावयाची असते. पती-पत्नीच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हटले जाते, म्हणजे येथे कुटुंब हाच कामाचा घटक असतो. घर व कामाची जागा यांतील जो भेद नोकरदार चित्रपटाचा मूलाधार आहे, तोच येथे नाहीसा झालेला असतो : फडाजवळील पालात संसार, तेथेच मुले आणि पहाटेपासून तेथेच काम. आजारी आईचे निमित्त सांगून रजा घेण्याची सोयही या जीवनात नाही. कारण गैरहजर दिवसाचा खाडा पुढे अंगावर येतो. चिमणराव किंवा रामप्रसाद यांच्या अडचणींना हसणाऱ्या मराठी पडद्याने या अडचणींसाठी विनोदाची भाषा अद्याप फारशी घडविलेली नाही.

मूल्यमापन : मराठी समाजात पगारदार मध्यमवर्ग कसा घडला, तो कोठे राहिला, कोणाला भ्याला आणि कशाला हसला, याचा एक सलग आलेख या चित्रपटांतून मिळतो. बगारामाच्या बाटलीपासून धनंजयच्या भाड्याच्या खोलीपर्यंत नायकाची मागणी लहानच राहिली : टिकणारी नोकरी, स्वतंत्र खोली आणि घरच्यांच्या नजरेत थोडा मान. एवढ्या माफक गोष्टींसाठी सज्जन माणसाला खोटे बोलावे लागते, हे हसत हसत दाखविणे ही या प्रकाराची मोठी कामगिरी होय. ज्यांच्यापाशी खोटे बोलण्याइतकीही सवड नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचणे हे त्याच्यापुढील कार्य आहे.